चाळीस ग्राम

अकरा महिने ज्या जहाजावर मी भांडी घासली
त्याला चौदा मजले होते.
मार्सेय, जेनोवा, पालेर्मो :
गोल खिडकीतून दिसलेली गावं,
तीही साबणाच्या वाफेतून.
जमिनीला पाय लागले ते सहा वेळा,
चार-चार तास.

आता जैतुराआत्या मागं बसलीये,
मांडीवर काटा, कॅरिअरला टोपली,
आणि आम्ही निघालोय तिच्या बंदरांकडे.
आधी एक बोडी, मग गावतलाव,
मग धानाच्या बांध्या, मग पुन्हा पाळ,
पाळीवर मोह, मोहाखाली
उलटा घातलेला डोंगा.

"तिकडं मासा कोनता?" ती कानाशी ओरडते.
सार्डिन, मी सांगतो. पोष्टीहून मोठा, चांदीसारखा,
मिठात घालून डब्यात भरतात.
"डब्यात?"
डब्यात.
पुढच्या वळणापर्यंत ती गप्प.
"मंग त्याले जिता कोन पायते?"

कन्हारटोल्याच्या पाळीवर दोघं भाऊ
जाळं झटकत होते,
पोटऱ्यांना चिला चिकटलेला, ओठ निळे.
आत्यानं मरळ उचलली, कल्ले उघडले,
"रातची हाय" म्हणाली आणि भाव पाडला.
मग धाकट्याच्या लेकीच्या ओंजळीत
कमरेच्या पिशवीतली बोरं ओतली, पाडलेल्या भावाहून जास्त.
इथं मला काहीतरी आठवायला हवं होतं,
धक्क्यावरची पिवळी जाळी, एखादी म्हातारी.
आठवला तो फक्त
मुदपाकखान्यातला पंखा
आणि माझ्या बोटांची सुटलेली सालं.

तलाव अर्ध्यावर आलेला.
धानाला पाणी सोडलंय, तुडूम उघडं,
गाळात बोटरीचे तोंड वासलेले.
बगळे मात्र खुशीत.

"समुद्राचं तुडूम कोनाच्या हाती?"
तुडूम नसतं, आत्या.
"अन् पाळ?"
पाळही नसते.
"ठेका तं असन! सोसायटीचा का भायेरच्याचा?"

मी नीट आठवून पाहिलं.
होड्यांना नावं होती, बायकांची बहुतेक.
धक्क्याच्या टोकाला एक पाटी,
लाल अक्षरं, मला न वाचता येणारी.
तिच्यासमोर उभा राहून मी फोटो काढून घेतला होता.

"लाल पाटी?" आत्या हसली.
"मंग हाय कोनाचा तरी."

बुधवारच्या बाजारात पन्नासचं माप सापडेना.
उन्हं कलली, शिंगूर आणि झिंगे तेवढे उरलेले,
एक मास्तर पिशवी उघडून उभे.
आत्यानं बटव्यातून काढलं
मी आणलेलं लोहचुंबक :
दीपस्तंभ, दोन पक्षी, खाली निळं पाणी.
चार युरो दिले होते मी त्याचे,
वाटलं होतं, दाराला लावेल. तिच्या दाराला लोखंड नाही.

पारड्याला ते खट्‌कन बसलं.
"बाई, काटा मारता का?" मास्तर म्हणाले.
"काटा नाही जी, समुद्र हाय."
तिनं सोलून काढलं, समोर वीस-वीसची मापं ठेवली,
काटा डोळ्यापाशी धरला.
बरोबर चाळीस.
"एवढाच का रे?"

मग त्या चाळिसावर अंदाजानं एक पोष्टी ठेवून
तिनं पन्नास ग्राम झिंगे तोलले,
वरून चिमूटभर टाकले.
मास्तर काही बोलले नाहीत.

परतताना तिनं तो दीपस्तंभ
गाडीच्या टाकीला लावला, हॅण्डलच्या खाली.
सौंदडच्या अलीकडे खड्डा आला आणि तो उडाला.
थांबलो. मोबाईलच्या उजेडात
ती बांधीत उतरली, लुगडं खोचून,
हातानं चिखल चाचपत, गाळातली मासोळी शोधावी तशी.
मी म्हणालो, राहू दे.
"थांब ना," म्हणाली. "माप हाय माहं."

सापडला तेव्हा
पक्षी चिखलानं झाकलेले,
आणि खालचं पाणी
पहिल्यांदाच ओलं.