दीड फूट जमिनीत

एकतीस वर्षं वीजखात्यात लाइनमन होतो,
सावईपासून केरीपर्यंत खांब रोवले,
म्हणून प्रेमावतीनं टोमॅटोची बारा रोपं
माझ्याच गळ्यात घातली.
"तुम्हांला कळतं त्यातलं," म्हणाली,
आणि कोयता आणून पायरीवर ठेवला.

आधी माडाचे पिडे आणले. दिसायला दांडगे,
दोन महिन्यांत हातात भुसा.
पोफळीची चीर सरळ उतरते, ताठ राहते,
फक्त मातीखालच्या वीतभर भागावर
वाळवी आमच्याआधी जेवते.
गिरिपुष्पाची फांदी तर आठवड्यात फुटली;
आधाराला म्हणून आली
आणि स्वतःच संसार मांडून बसली.
शेजारच्या कायतानने स्लॅबमधली उरलेली सळी दिली.
मजबूत, प्रश्नच नाही.
पण फेब्रुवारीच्या दुपारी तिला बोट लावून बघा,
मग त्या कोवळ्या देठाला विचारा.

शेवटी बांबू.
अंगठ्याहून जाड, पेरं जवळजवळ,
नखानं टिचकी मारली की कोरडा बोलणारा.
बुंधा काजूच्या निखाऱ्यावर काळा करून घेतला.
सहा फुटांतला दीड फूट जमिनीत,
यात घासाघीस नाही.

कारण एकदा, ठेकेदाराची जीप चालू होती,
जांभ्यावर पहार अडकली, खड्डा दोन फुटांवर थांबला,
आणि मी वहीत पाच लिहिले.
जुलैत तो खांब गुणाजीच्या गोठ्यावर कलला.
माणूस कोणी गेलं नाही.
एक गाय मात्र नंतर लंगडतच चरायची.
त्या वळणावर आजही माझी मान
दुसरीकडे बघते.

बांधायला वायर काढली तर प्रेमावतीनं ती हातातून घेतली.
जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडल्या,
इंग्रजी आठासारखा सैल फास, मध्ये बोट जाईल एवढा.
मला सवय ताण देण्याची.
मी आवळून जातो, मागून ती सोडवत येते:
"अहो, अजून जाड व्हायचंय तिला."

सातवं रोप मर लागून गेलं.
बांबू उपटला नाही.
सकाळी त्याच्या टोकावर कोतवाल बसतो,
उरलेल्या अकरांच्या अळ्यांवर नजर ठेवून.
तो उडाला की मी जाऊन
बांबू धरतो, हलवून बघतो.
रोज बघतो.
हलत नाही.