दोन मीटर अलीकडे

मेणाचं वेष्टण सोलून ओफेलिआ नमुना टेबलावर ठेवते.
चौदा मीटर खालची चिकणमाती,
बोट लावलं की खरवसासारखी थरथरते.
एर्मिलो ती नाकाशी नेतो, वीस वर्षं नेतोय,
आणि वहीत आकडा लिहायच्या आधी म्हणतो, "तळं."

तळं कधीच बुजलं. त्यावर मेक्सिको सिटी बसली.
भट्टीत वाळवून तोललं तर
एक वाटी माती, तीन वाट्या पाणी,
आणि नखाएवढा एक शिंपला, ज्याला अजून कुणी
वर शहर झाल्याचं कळवलेलं नाही.

पायाखालची वाळू सरकली, म्हणतात लोक.
इथे वाळू असती तर
ओफेलिआला रात्री झोप तरी लागली असती.

मालक उर्रुतियांना बारा मजले हवेत, कोलोनिआ ओब्रेरात,
आणि वर अढळपद हवं.
"कडक थर बत्तीस मीटरवर आहे ना?
मग पाइल तिथवर न्या. टेकवा. विषय संपला."

विषय तिथेच सुरू होतो.
शहर पोटातलं पाणी उपसून पितं,
माती आटते, गल्ली बसते, वर्षाला वीतभर,
फुटपाथ, गटार, जकरांदाची झाडं सगळी एकदमच,
म्हणून कुणाला कळत नाही.
कळतं ते न बसणाऱ्याच्या शेजारी.
ओफेलिआची शाळा कडक थरावर उभी होती.
पहिलीत ती उंबरठा ओलांडून सरळ आत जायची,
सहावीत चार पायऱ्या चढून.
शाळा वाढतेय असं तिला तेव्हा वाटायचं,
आपल्यासारखीच.

ती कागदावर एक खांब काढते, कडेने बाण.
मातीने अंगाला अंग लावून त्याला तोलून धरायचं,
बाण वर.
पण माती स्वतःच खाली निघाली आणि खांब हटून बसला
तर तीच माती त्याचा सदरा धरून ओढते,
बाण खाली.
इमारतीचं ओझं होतंच, त्यात आता हे.
"याला ऋण घर्षण म्हणतात," ती सांगते.
उर्रुतिया पहिल्याच शब्दावर दचकतात.

प्लॉटला लागून म्हाताऱ्या एलेउतेरिओचं किल्ल्यांचं दुकान.
भिंतीतल्या भेगेवर प्लास्टरची पट्टी, पट्टीवर तारीख.
पट्टी तडकली की समजायचं, भेग जिवंत आहे.
चार तडकल्यात. पाचवी अजून ओली.
शेजारी बारा मजले हलले नाहीत
तर याची भिंत त्यांना बिलगून वर राहील
आणि दुकान खाली जाईल.

रात्री ती हिशेब पुन्हा मांडते.
आधी तळघराची माती उपसायची,
जवळजवळ इमारतीच्या वजनाइतकी,
ताजव्यात घालावी तशी.
उरलेल्या भारासाठी पाइल.
टोक: तीस मीटर.
तीस आणि बत्तीसच्या मध्ये दोन मीटर चिखल,
तो तसाच राहू द्यायचा, कुणाच्याच कामाचा नसलेला.
खोडरबर दोनदा फिरतं. तीसच राहतात.

"म्हणजे इमारत खचणार?"
"खचणार. गल्लीच्या चालीने."
"आणि याचे मी पैसे मोजायचे?"
"चालीचेच तर मोजायचे."
उर्रुतिया खिडकीबाहेर बघतात.
सही करतात ते मंगळवारी, फोनवर बोलता बोलता.

जाता जाता म्हातारा कानस थांबवून विचारतो,
"किती खाली जाणार तुमचं?"
"तुमच्याइतकंच. चुकलं तर बोटभर इकडेतिकडे."
तो मान हलवतो.
दारं वाकडी होतात, कुलपं जुळेनाशी होतात,
चाळीस वर्षं त्यावरच चूल पेटलीय त्याची,
तो कुठल्या तोंडाने तक्रार करणार.
कानस पुन्हा सुरू होते.
ओफेलिआ फुटपाथवर उभी, टाच जराशी दाबून बघते,
तेवढ्यात बस येते.