दुसरा प्रश्न

तांबळडेगला प्रश्न दोनच.
तिठ्यावर एस्टीतून उतरलं की पहिला:
कधी इलंस?
आणि पाठोपाठ, श्वासही न घेता,
कधी जातलंस?

पहिल्या वर्षी मी खरं उत्तर द्यायचे.
ऑफिस उघडलं की.
दुसऱ्या वर्षी, बघू.
तिसऱ्या वर्षी सुलू कोयंडेने हळूच विचारलं,
नोकरी ऱ्हवली मां गो तुजी?
तिला मांगरात नेऊन दाखवली:
जाळ्यांच्या वासातलं टेबल,
खुर्ची चाकांची, शेणाच्या जमिनीत रुतलेली,
पडद्यावर नऊ चौकटी, नऊ डोकी.
त्यातला पेरियसामी माझा साहेब.
सहा वर्षांत त्याचे पाय मी पाहिलेले नाहीत.
सुलू बराच वेळ बघत राहिली.
पालखेतले मुखवटे जसे, म्हणाली.

ओहायोतल्या गाड्यांचे अपघात तपासते मी:
बंपर, काच, चूक कोणाची.
वीज गेली की लॅपटॉप पोटाशी धरून सड्यावर.
तिथे रेंज आहे, कातळ तापलेला,
आणि रुजाय वायरमन खांबावरून ओरडतो,
धा मिन्टां! सांग तुज्या सायबाक!
पेरियसामी हल्ली रुजायची खुशाली विचारतो.

गेल्या कार्तिकात रापण लागली, माणसं कमी.
जेवायची सुट्टी होती, मी दोर धरला.
दीडची मीटिंग कानात, माझा आवाज बंद,
तळहात सोलले.
भिकाजीने वाटे घातले
आणि माझ्याकडे न बघता
एक वाटा बाजूला सारला:
तारली, दोन बांगडे, एक लंगडा खेकडा.

त्यानंतर कधीतरी दुसरा प्रश्न थांबला.
मला कळलंही नाही.
कळलं ते मे संपताना,
परतणाऱ्यांच्या पिशव्या भरत होत्या तेव्हा.
सोलं, सुका गोलमा, फणसाची साटं,
सुलू घरोघर देत निघाली
आणि माझं दार ओलांडून पुढे गेली.

जाणाऱ्यालाच गाठोडं मिळतं.
हे कुणी सांगितलं नव्हतं.
खळ्यात उभी राहिले,
खोटं कशाला, जरा रडूच आलं,
साटांसाठी, या वयात.

ती परत फिरली. हातात पेन्शनचा कागद.
ह्यां भरून दी गो.
आणि सोमवारी देवळात दिवो लावची पाळी तुजी.

सोमवारी सांजेला ओहायो जागं होतं.
पेरियसामीला कळवलं,
धा मिन्टां.