खिंडार

एकतीस वर्षं नोट प्रेसमध्ये
मी फक्त चुका शोधल्या.
शाई जरा जास्त, आकडा केसभर खाली,
कडेची रेघ सुटलेली.
बोट ठेवायचं, पान बाजूला.
म्हणूनच समितीत घेतलं मला.
निरगुडे म्हणाले, "तुमची नजर पाहिजे भाऊ,
बाग वाढवायचीय, पोरखेळ नाही."

जेल रोडची आमची बाग:
दोन झोपाळे, एकाला साखळीऐवजी नायलॉनची दोरी,
एक नळ, एक करंज, तीन सप्तपर्णी.
त्यांच्या वासानं दिवाळीआधी
पेखलेबाईंचं डोकं उठतं.
पलीकडे आरक्षणातला पडीक तुकडा,
अकरा वर्षं कोर्टात होता, आत्ता सुटला.
दोन्ही मिळून एक करायचं.
कोण करणार, ते निवडायचं.
सत्तर गुण आराखड्याला, तीस दराला.

पहिले पुण्याहून आले.
त्यांच्या पडद्यावरच्या बागेत सगळे गोरे,
सगळ्यांच्या हातात कॉफी,
आणि कुणाचीच सावली जमिनीवर पडत नव्हती.
मी शेऱ्यात लिहिलं: सावल्या नाहीत.

दुसरे कॉलेज रोडचे. त्यांनी मधोमध
फायबरचा द्राक्षांचा घड उभा केला, वीस फुटी,
मण्यामण्यातून पाणी, रात्री जांभळा उजेड.
गंगुर्डेबाईंनी टाळ्या वाजवल्या.
निरगुड्यांनी विचारलं, "पाणी कुठलं?"
"टँकर."
मग बराच वेळ पंखाच तेवढा बोलत राहिला.

तिसरी ऋत्विजा अहिरराव, सोबत साजिद कोकणी.
पडदा नाही. ट्रेसिंगचा कागद,
तो सारखा गुंडाळला जायचा,
म्हणून चार कोपऱ्यांवर आमचेच चहाचे कप ठेवले.
"आठ दिवस बागेत बसलो होतो," साजिद म्हणाला.
दारातून वाळू वॉचमन बोलला,
"मी हाकलले ना ह्यांना. दोनदा."

सवयीनं मी कागद उचलला, खिडकीकडे धरला.
प्रेसमध्ये असाच धरायचो,
आतला वॉटरमार्क बघायला.
आणि सापडली चूक.
कुंपणाची सरळ रेघ उत्तरेला तुटलेली,
तिथून एक वाकडी पायवाट
करंजाला वळसा घालून नळापाशी.

"हे राहून गेलंय तुमचं."
"राहिलं नाही काका, ठेवलंय," ऋत्विजा म्हणाली.
"भिंतीला तिथं खिंडार आहे.
सकाळी सहा ते आठ, एकशे बारा माणसं.
हंडे घेऊन, डबे घेऊन,
एक म्हातारा नुसताच रेडिओ घेऊन.
तिथं फाटक काढलंय. कुलूप नाही काढलं."

खिंडार मला माहीत होतं.
ते बुजवा म्हणून महापालिकेत तीन अर्ज पडलेत,
तिन्हींवर सही माझी.
अक्षर सुवाच्य. कुठं एक काना चुकलेला नाही.

गुणपत्रकावर पेन नुसतंच टेकून राहिलं.
एक आकडा लिहिला. खोडला.
खाडाखोडीवर सही लागते, तीही केली.
पुढे काय लिहिलं ते सांगत नाही,
पाकिटाला लाख लागलीय.

संध्याकाळी पहिल्यांदाच त्या बाजूनं गेलो.
खिंडार अर्जात लिहिलं होतं तेवढं रुंद नाही.
आडवं व्हावं लागतं, पोट आत घ्यावं लागतं.
विटांच्या कडा झिजून गुळगुळीत,
खांद्याच्या उंचीवर तेलकट, काळपट पट्टा.
असा रंग नोटेला येतो, हातोहात फिरल्यावर.
आम्ही प्रेसवाले तो बघत नाही.
आमच्याकडून ती कोरीच निघते.

अर्धा इकडे, अर्धा तिकडे असताना
पलीकडून कळशी कमरेवर घेतलेली पोर म्हणाली,
"आजोबा, येताय का जाताय?
एक काय ते ठरवा, आणि सरका."