भोकाचं नाणं

पावणेतीनला पोटच उठवतं मला.
ओसाकात सव्वासहा झाले म्हणतं,
खाली न्याहारी मांडली असेल, चल.
मुकुंदनगरात मात्र पंखा, शेजारच्यांचा खोकला
आणि फ्रिजमध्ये नणंदेनं आणून ठेवलेली दुधीची भाजी.

रजेचा एक दिवस उरलाय.
सोमवारी पुन्हा काउंटर नंबर चार,
मुदत ठेवी, हयातीचे दाखले,
'मॅडम, पासबुकात ओळ वाकडी छापलीय.'
तोवर हा रविवार, अजून न उजाडलेला,
म्हणजे जवळजवळ दीड.

चपला घातल्या, कुलूप लावलं.
चौकात सिग्नल नुसता पिवळा डोळा मिचकावतोय.
तिकडे सवय लागली होती,
गाडी नसली तरी हिरव्या माणसाची वाट बघायची.
थांबले.
एक कुत्रं माझ्याकडे बघत बघत पलीकडे गेलं.

सहल आमची अस्सल होती.
एकोणतीस माणसं, एक झेंडा, एक आचारी.
ओसाकातही रात्री वरणभात, बटाट्याच्या काचऱ्या,
निघायच्या आदल्या रात्री शिकरण.
बिडकरकाका म्हणाले, अगदी घरच्यासारखं वाटतं, नाही?
वाटलं. म्हणूनच उठले.
विद्युतला सांगितलं, डोकं दुखतंय
आणि मागच्या जिन्यानं खाली.

छप्पर घातलेली एक गल्ली, संपतच नव्हती.
सुऱ्यांचं दुकान. कंगव्यांचं दुकान.
नुसत्या मोज्यांचं दुकान, त्यात एकटा मालक, घडी घालत.
मग कालवा. पाण्यात पडलेल्या लाल-निळ्या जाहिराती,
बोट गेली की चिंध्या,
जरा वेळानं परत अक्षरं,
मला तशीही न येणारी.

कपाळाला पंचा बांधलेला म्हातारा
टोच्यानं गोळे फिरवत होता.
आप्पेपात्रच की हो ते!
म्हणून धीर आला.
आत काय आहे, विचारलं नाही.
दाताखाली कळलंच,
चिवट, खारट, आठ पायांचं.
जीभ अशी पोळली की डोळ्यांतून पाणी.
तर त्यानं गाल फुगवून दाखवले: फू, फू.
मीही म्हणाले, फू, फू.
अख्ख्या जपानात मला बरोबर आलेला तेवढाच शब्द.
सहा होते. सहाही खाल्ले.
घरी कुणाला सांगितलेलं नाही.
इथे लिहिते, कारण आमच्यात कविता कोण वाचतंय.

स्वारगेटला साताऱ्याची गाडी धुरकत उभी.
पोह्यांच्या गाडीवर एकच बल्ब आणि त्याच्याभोवती वाफ.
गजू लोखंडे, असं गाडीवरच रंगवलंय,
खाली मोबाइल नंबर, शेवटचे दोन आकडे पुसलेले.
एक प्लेट. वर शेव, लिंबाची अर्धी फोड, पिळून झालेली वाटावी अशी.
पोहे गरम. फू, फू.
पण जिभेवर ती पोळलेली जागा अजून आहे,
मिरची तिथे पोचत नाही.

पैसे काढताना मुठीत नको ती नाणी आली,
त्यात एक पिवळं, मधोमध भोक.
गजूनं उचललं, डोळ्याला लावलं,
भोकातून आधी मला पाहिलं, मग साताऱ्याची गाडी.
'थोरल्या चुलत्याच्या करगोट्यात होता म्हणे असला पैसा.
अंगावर तेवढाच कपडा.'
हसला. 'कुठला हा?'
लांबचा, म्हटलं.
'चालतो?'
तिकडे चालतो. पण त्यात काही येत नाही.
'मग इथल्यासारखाच,' म्हणाला
आणि लिंबू-मिरची टांगलेल्या खिळ्यात अडकवलं त्यानं ते.
मग न विचारता आणखी एक डाव वाढला.

साडेचार. तिकडे आठ.
तो मोजेवाला अजून दुकान उघडत नसेल.
मंडईत टेम्पो लागले असतील, मेथी उतरत असेल,
कुणीतरी पहिल्या चहाचं आधण ठेवलं असेल.
पोट म्हणालं, पुरे आता.
त्याला कोण विचारतंय.
शिवाजी रस्त्यानं सरळ निघाले.