दोन वासा

कार्ल्सक्रूनात नोव्हेंबरात तीनलाच दिवे लागतात.
गुनवोरच्या टेबलावर दोन खोकी:
एक पोटमाळ्यावरचं, कोपरे उंदरांनी चाखलेलं,
दुसरं परवा पोस्टाने आलेलं.
जहाज एकच, वासा.
राजाने हौसेने बांधून घेतलेलं, चौसष्ट तोफांचं,
पहिल्याच फेरीत, काठावरचे लोक बघत असतानाच
कलंडलेलं.

एकतीस वर्षं तिने दातांचे साचे केले.
साच्याला ती फसत नाही.
जुन्याचं प्लॅस्टिक जाड, खरवडलं की खडूसारखं भुरभुरतं.
नव्याच्या फळ्यांवर लाकडाच्या रेषा
इतक्या खोल, की खऱ्या मापात
खलाशांचे घोटे अडकले असते.
जुन्याच्या सिंहाला नाक नाही. नव्याच्याला आहे,
पण चेहरा सोफ्याखाली सापडलेल्या मांजराचा.
डोलकाठ्या जुन्याच्या सरळ. दोरखंड दोघांचेही वाईट.
वहीत गुण लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते.

आणि रंग.
जुना कागद सांगतो, पाठ निळी.
नवा सांगतो, लाल.
मधल्या वर्षांत कुणीतरी भिंगाखाली
लाकडाच्या चिरेतला एक कण पाहिला होता.
सिक्स्टेनने निळाच दिलेला, चौऱ्याहत्तर साली,
जीभ बाहेर काढून, तीन केसांच्या कुंचल्याने,
आणि अर्ध्यावर सोडून
गोथेनबर्गच्या मालबोटीवर नोकरीला लागला.
पत्रं यायची. मग कार्डं.
मग त्याच्या बायकोची कार्डं.

"चुकलास बघ," ती म्हणते.
खोकं गप्प. त्याचाही नेम हाच होता.

तोफांच्या खिडक्यांची एक झडप हरवलीये,
डावीकडची, खालच्या रांगेतली.
नव्यातली तोडून लावून बघते.
हे एकाला एकशे चव्वेचाळीस, ते एकाला दीडशे,
कागदावर एवढासाच फरक;
झडप भोकातून आत पडते
आणि पोटात कुठेतरी खुळखुळत राहते.
बडा घर, पोकळ वासा:
ही म्हण स्वीडिशमध्ये नाही. असायला हवी होती.

पाणी अशाच खिडक्यांतून शिरलं होतं, तिला माहीत आहे.
ड्रॉवरमध्ये दातांचं सिमेंट आहे, थेंबभर पुरेल.
ती ड्रॉवर उघडते, कात्री काढते, बंद करते.

शेजारचा माल्टे, वय नऊ, कुत्र्याचा पट्टा परत द्यायला आलेला,
तसाच उभा.
"यातलं बरोबर कोणतं?"
"लाल. ते सिद्ध झालंय."
"मग तू निळा का कालवतेयस?"

ती वर बघत नाही.
जिभेचं टोक बाहेर आलंय तिच्या.
"दिवा जरा खाली धर," म्हणते,
"अजून खाली. हं."