मागच्या चाकाआड

जनकगंजात अष्टपुत्र्यांच्या गच्चीवर
थंडीचे चार महिने आमची रविवारची बैठक.
ऊन सरकतं तशी सतरंजी सरकते,
सतरंजीबरोबर आम्ही पाच जण
आणि बुटांच्या खोक्यांतल्या शंभरेक मोटारी.

नियम एकच : गजक खाल्लेला हात फोटोला लावायचा नाही.
मकबूल मिस्त्री तोही पाळतात,
भिंग धरतानासुद्धा मनगट धोतरासारखं वर खोचून.

आज नवा फोटो आलाय.
नवा म्हणजे ज्याच्या कडा
आमच्या जन्माआधीच्या उंदरांनी खाल्ल्यात असा.
पाटणकर बाजारात रद्दीवाल्याकडे,
कुणाच्या तरी लग्नातल्या आहेराच्या याद्यांखाली.
तो वीस मागत होता, मुकुंदरावांनी पन्नास दिले.
घासाघीस करत थांबलो असतो तर
हात थरथरताना त्याला दिसले असते, म्हणाले.

मग सुरू.
नेपियर.
छे, नेपियरचं नाक असं नसतं.
रेडिएटर बदलला असेल हो,
आमच्या आजोबांनी नव्हती का कवळी बदलली?
दिवे पितळी, कार्बाइडचे. आरे लाकडी, मोजले, बारा.
भोंग्याचा रबरी फुगा ड्रायव्हरच्या हाताशी,
म्हणजे अमुक साल. नाही, तमुक.
पाठीमागे कातळातल्या उभ्या मूर्तीचे नुसते गुडघे,
त्यावरून जागा ठरली : उरवाईचा चढ.
कुमुदताई सबनीस भूगोल शिकवून निवृत्त,
सावली बघून म्हणाल्या, दुपारचे साडेचार.
सालाचं तुमचं तुम्ही बघा.

फोटोच्या पाठीवर मोडीत चार नावं.
मला मोडी येते, एवढ्यावरच माझी इथली जागा;
गाड्यांतलं मला अजून बंद-चालू कळतं.
वाचलं : रामराव, दाजी, मास्तर, कु. वेणू.
सीटवर माणसं चार. हिशोब बरोबर.
वेणूच्या मांडीवर कुत्रं किंवा मफलर;
हललंय, म्हणजे कुत्रं.
दाजींचा भोंग्यावरचा हातही हललाय,
मास्तरांच्या मिशा तर पार धुरकट.

भिंग मिस्त्रींकडे गेलं.
ते माणसं बघत नाहीत.
चाकं बघत राहिले, चहाला साय धरेपर्यंत.
"पिछले टायर में हवा नहीं है, साहब.
गवत कोंबलंय. ट्यूब मिळायच्या नाहीत तेव्हा,
अब्बा सांगायचे.
आणि हँडलची जागा बघा, भोक आहे, हँडल नाही.
ही गाडी चालत नव्हती.
इथवर ढकलत आणलीय."

खाली गल्लीत मटारवाला ओरडत गेला.
मुकुंदरावांच्या चेहऱ्यावरून
नेपियर, डेलाज, सगळ्या एकेक करून उतरल्या.

मग भिंग माझ्याकडे.
मागच्या चाकाच्या आऱ्यांतून, पायफळीखाली,
जिथे मी इतका वेळ झुडूप समजत होते तिथे
दोन पावलं.
अनवाणी. टाचा उचललेल्या, बोटं धुळीत रुतलेली.
लपायला सांगितलेल्या माणसाची नव्हेत.
चढ आहे तो.
ब्रेकवर कुणाचा भरवसा नसणार,
आणि चौघं हसत, न हसत, कॅमेऱ्याकडे बघत असताना
हा मागे पाठ लावून
अख्खी मोटार धरून उभा.

अंगठ्याचं नखसुद्धा दिसतं.
सबंध फोटोत तेवढंच
काडीइतकंही हललेलं नाही.

मी मोडीतली नावं पुन्हा वाचली. चारच.
शाई पुसल्याची खूणही नाही.

अष्टपुत्रे म्हणाले, ऊन गेलं, चला सरका.
खोकी उचलली, कप उचलले,
सतरंजीचं एक टोक कुमुदताईंनी, एक मी.
सतरंजी कलली तसा फोटो निसटू लागला,
आणि मकबूल मिस्त्रींनी,
गजक खाल्लेल्या हातानेच,
तो मागून धरला.
कुणी काही बोललं नाही.